सावलीतला वाफा

९ जानेवारी

आई,

फोन करू नकोस असं तुम्ही सांगितलं होतं. पत्र लिहू नकोस असं कोणी म्हणालं नाही, म्हणून लिहिते आहे. वाचून फाडून टाकलंत तरी चालेल, पण आधी वाचा.

मी बरी आहे. बस आगाराच्या मागे एका शिवणाऱ्या बाईंच्या दुकानावर खोली मिळाली आहे. खाली दिवसभर मशीन चालतं, त्याची सवय झाली. गोळ्या वेळेवर घेते. डोकं दुखत नाही. काम चालू आहे. हे शेवटचं वाक्य बाबांना मोठ्याने वाचून दाखवा.

त्या दिवशीचं माझ्या बाजूने कोणी ऐकलंच नाही. मला एवढंच आठवतं की ताईंच्या सासरची माणसं जेवायला बसली होती, मी पाण्याचा जग उचलला आणि समोरचा एक दिवा दोन दिसायला लागला. पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलं, मी नाही. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावली गेली होती आणि पाहुणे चपला शोधत होते. स्कॅनमध्ये मेंदूत डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, पट्टकृमीचं अंडं पोटात गेलं की त्यातून अशी गाठ होते, औषधाने जाईल. आणि घरी येताना, गाडी अजून इस्पितळाच्या फाटकातून बाहेर पडली नव्हती, तुमचा मुलगा म्हणाला, "तुझ्या त्या कामातून आणलंस हे."

माझं काम काय ते लग्न ठरतानाच सांगितलं होतं. मैलापाणी केंद्राच्या प्रयोगशाळेत मी गाळ तपासते. त्यात जंतांची अंडी किती, जिवंत किती, मेलेली किती, हे मोजायचा मला पगार मिळतो. तेव्हा बाबा म्हणाले होते, "सरकारी आहे ना, मग उत्तम." चार वर्षांत कोणाला माझ्या हातचा चहा घाण लागला नाही.

फिट आल्यावर मात्र पंधरा दिवस तुम्ही माझं ताट आणि पेला वेगळा ठेवलात. डिसेंबरात बाबांनी निकाल दिला, नोकरी नाहीतर घर. तुमचा मुलगा पंख्याकडे बघत होता. तुम्ही भाजी निवडत होतात, मान वर केली नाहीत. मी नोकरी म्हणाले. तेव्हा रागात म्हणाले होते. आता शांतपणे पुन्हा म्हणते, नोकरी.

आता काम. ही अंडी उडत येऊन डोक्यात बसत नाहीत, तोंडावाटे जातात. हातावरून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून. आपल्याकडे कच्चं खाल्लं जातं ते परसातलंच, गाजर, मुळा, कोवळी पानं. मागच्या भिंतीलगतच्या वाफ्यातली ओंजळभर माती मला पाठवा. "याला खत लागत नाही" म्हणून बाबा ज्याचं कौतुक करतात, तोच वाफा. आणि मधल्या उन्हातल्या वाफ्यातली ओंजळभर, वेगळ्या पिशवीत. हाताला प्लास्टिकची पिशवी घालून भरा, नंतर साबणाने हात धुवा. नाही पाठवलीत तर भिंतीवरून उडी मारून मी घेऊन जाईन. मला फिट येते, पण उडीही मारता येते.

मी


२३ जानेवारी

आई,

बिस्किटांचा डबा मिळाला. आत दोन पिशव्या, त्यावर तुमच्या अक्षरात "भिंत" आणि "ऊन", आणि चिठ्ठी: "माती पाठवली आहे. डबा परत पाठव." एवढं. मी दहा वेळा वाचली.

माती पाण्यात घोळवायची, बारीक जाळीतून गाळायची, खाली बसलेला गाळ दाट मिठाच्या पाण्यात ढवळायचा. अंडी वर तरंगतात, ती काचेवर घ्यायची. मी रविवारी येऊन केलं. केमिस्टबाईंना, म्हणजे आमच्या साहेबांना, विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "घरची माती? कर की. फक्त वहीत नोंद ठेव, चोरून करू नकोस."

"ऊन" पिशवीत काही नाही. मुळांचे तंतू, वाळूचे कण, एक मेलेला कोळी. चार काचा बघितल्या.

"भिंत" पिशवीत तीन काचांवर अकरा अंडी मिळाली. गोल, तपकिरी, जाड कवचाची, कडेला बारीक रेघा आणि आत गळासारखे सहा बारीक हूक. हे चित्र मी सहा वर्षं रोज बघते, चुकायची नाही. मग निळा रंग घातला. मेलेलं अंडं रंग आत घेतं, जिवंत घेत नाही. चार अंडी निळी झाली. सात तशीच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, घर एक, अंगण एक, माती एक, मग एका वाफ्यात आहेत आणि दुसऱ्यात का नाहीत? नेमकं हेच मी इथे गेले तीन महिने मोजते आहे. शेतकऱ्यांना गाळ खत म्हणून न्यायचा असतो, तो किती दिवसांनी द्यावा हे ठरवण्यासाठी आम्ही त्याचे ढीग घातले आहेत. एक पातळ पसरून उघड्यावर, एक शेडखाली ओला, थोडा डब्यात भरून फ्रिजमध्ये. ढीग उलथायला जो माणूस आहे त्याला सगळे "हवामान खातं" म्हणतात, कारण पाऊस येणार म्हणाला की कोरडं जातं आणि कोरडं म्हणाला की आम्ही भिजतो. पण तोसुद्धा आता नुसता गाळ बघून सांगतो की यात काही उरलं नाही. उन्हात चरचरीत वाळलेल्या ढिगातली अंडी पाचव्या आठवड्यात जवळजवळ संपली. शेडखालच्या ओल्या ढिगातली निम्म्याहून जास्त अजून ठणठणीत आहेत. फ्रिजमधली तर म्हातारी व्हायचं नावच घेत नाहीत. त्यांना थंडी चालते, ओल आवडते, सावली आवडते. कोरडी हवा आणि ऊन सोसत नाही. खरी उष्णता, म्हणजे हात भाजेल असं पाणी, मिनिटांत मारते. मीठ, व्हिनेगर, फिनेल यांचं त्यांना फारसं काही वाटत नाही. तुम्ही कोवळी पानं मिठाच्या पाण्यात घालून ठेवायच्या, त्याने गोगलगाय गेली असेल, ही अंडी गेली नाहीत.

भिंतीलगतच्या वाफ्यावर वर्षभर ऊन पडत नाही. तिथे कायम ओल असते. आणि भिंतीच्या पलीकडे घरच्या संडासाची टाकी आहे. त्या वाफ्याला खत लागत नाही कारण ते टाकीतून झिरपतं. बाबांना सांगा, टाकीला तडा आहे.

त्या वाफ्यातलं कच्चं काहीही खाऊ नका. डबा आजच पाठवते, उकळत्या पाण्याने धुतला आहे.


१२ फेब्रुवारी

आई,

तुमचं उत्तर आलं नाही, तुमच्या मुलाचा निरोप आला. "आईला घाबरवणं बंद कर. बाबांचं ब्लडप्रेशर वाढलं आहे." बाबांना म्हणे माझी माती-बिती पटलेली नाही. मीच इथली अंडी काचेवर ठेवून तमाशा केला असं ते म्हणतात. केमिस्टबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. त्यांनी उरलेली माती स्वतः तपासली. त्यांना नऊ मिळाली.

मी पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं आणि एक लपवलं होतं. दोन्ही सांगते, म्हणजे पुढचं मला बेधडक लिहिता येईल.

मी बरी आहे हे खोटं. जानेवारीच्या सुरुवातीला मला दुसरी फिट आली, प्रयोगशाळेत, भर अकरा वाजता. हवामान खात्याने माझं डोकं स्वतःच्या मांडीवर धरलं आणि तोंडात काही घालायला निघालेल्या शिपायाला बाहेर काढलं. जाग आली तेव्हा तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "दीड मिनिट. उद्यापासून हवा स्वच्छ राहील." गोळीचं प्रमाण वाढवलं आहे. तेव्हापासून नाही.

लपवलं ते असं. दोन वर्षांपूर्वी पंपाचा पाइप फुटला त्या दिवशी मी माखलेली होते. शॉवर बंद होता. तशीच घरी आले, मागच्या दाराने आत शिरले आणि तुम्ही बघायच्या आत नहाणीत गेले. दाराची कडी हातानेच उघडली होती. तुमचा मुलगा गाडीत ते वाक्य बोलला तेव्हा मला ती कडी आठवली. रोज आठवते. म्हणून मी माती मागवली, आई. तुम्हाला खोटं पाडायला नाही. आधी मला माझं बघायचं होतं.

तर आता बघा. त्या टाकीत आपल्या घरातल्या माणसांशिवाय कोणाचंच काही जात नाही. पट्टकृमी, म्हणजे चपटा जंत, माणसाच्या आतड्यात राहतो, कच्चं राहिलेलं मांस खाल्ल्याने होतो. त्याची अंडी त्याच माणसाकडून बाहेर पडतात, आणि ती ज्याच्या पोटात जातात त्याला माझ्यासारखी गाठ होते. म्हणजे अंडी सांडणारा वेगळा असू शकतो आणि भोगणारा वेगळा. दोन वर्षांपूर्वीच्या कडीवरची अंडी त्या वाफ्यात नसतात, वाफ्यातली नवी आहेत. इस्पितळात मी माझ्या शौचाची तपासणी तीन वेळा करून घेतली. काही नाही.

घरात चौघं होतो. राहिले तिघं.

तिघांनीही इस्पितळात जाऊन तपासून घ्या. एका गोळीचं काम आहे. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. मार्चअखेरपर्यंत कोणी गेलं नाही तर केमिस्टबाईंच्या सहीने आरोग्य खात्याला पत्र जाईल आणि अधिकारी दारात येतील. शेजारी गॅलरीतून बघतील. बघू देत. माझ्याकडे बघितलंच आहे त्यांनी.


६ मार्च

आई,

परवा तुम्ही आलात त्याबद्दल.

मी कामात होते म्हणून तुम्हाला दीड तास बाहेर बसावं लागलं असं तुम्हाला वाटलं असेल. मी कामात नव्हते. एक बाई आल्या आहेत, तुमची सासू आहे म्हणतात, असं शिपायाने सांगितलं तेव्हा माझ्यासमोर एक कोरी काच होती. मी ती पुसत बसले. मुद्दाम. दाराच्या काचेतून तुम्ही दिसत होतात. बाकावर ताठ, मांडीवर पिशवी, ती दोन्ही हातांनी धरलेली. गमबूट घातलेला प्रत्येक माणूस तुमच्याकडे वळून बघत होता. गाळाचा ट्रक समोरून गेला. तुम्ही नाकाला रुमाल लावला नाहीत. ते मी पाहिलं.

मग तुम्ही आत येऊन पिशवीतून कॉफीची रिकामी बाटली काढलीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आत पाण्यात पांढऱ्या फितीच्या तुकड्यासारखी जंताची दोन पेरं. मी काही विचारायच्या आत तुम्ही म्हणालात, "दीड वर्ष पडतंय हे. मी कोणाला बोलले नाही." आणि मग, "तुझ्यावर आलं तेव्हाही बोलले नाही."

केमिस्टबाईंनी बाटली उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "वा, अखंड आहेत." तुम्ही त्यांच्याकडे बघतच राहिलात. आई, आमच्या त्या खोलीत या गोष्टीला कोणी शी म्हणत नाही. म्हणून मला ती खोली आवडते. तुम्ही मला चार वर्षांत एकदाही विचारलं नाहीत की तुला तिथे काय आवडतं.

मी तुम्हाला पाणी दिलं आणि सांगितलं, माणसांचं इथे तपासत नाहीत, इस्पितळात जा, आणि आधी डोक्याचा स्कॅन करून मगच गोळी घ्या. माझा आवाज कोरडा होता, मला माहीत आहे. तुम्ही "बरं" म्हणालात आणि गेलात. मी खिडकीतून बघितलं नाही.

आता जे तेव्हा बोलले नाही ते. तुम्ही ओटा सकाळी दोनदा पुसता. नळाची तोटीसुद्धा घासता. तुमच्यासारख्या बाईला स्वतःच्या अंगातून असं काही पडताना बघून काय वाटलं असेल, मला कळतं. शरमेने जीव अर्धा झाला असेल. पण डॉक्टरांनी पट्टकृमी हा शब्द उच्चारला तेव्हा तुम्ही तिथे उभ्या होतात. तुम्हाला त्याच क्षणी कळलं. तरी घरी येऊन माझं ताट वेगळं केलंत.

मी खूप विचार केला. तुमच्या हातचं मला आणखी लागू नये म्हणून वेगळं केलंत, की घरातल्यांनी माझ्याकडे बघावं आणि तुमच्याकडे बघू नये म्हणून? या दोनांतलं कोणतं, ते मला हवं आहे. गोल गोल नको. आजारपण, वय, संसार काही नको.

तुम्ही बाटली घेऊन आलात म्हणून मी सगळं सोडून दिलं असं समजू नका. पण आलात, हेही मी मोजलं आहे.


२ एप्रिल

आई,

कार्ड मिळालं. "तू विचारलेल्या दोनांतलं दुसरं. गोळी घेतली. स्कॅनमध्ये काही नाही." 

पहिलं लिहिलं असतंत तर मी विश्वास ठेवला नसता आणि ही पत्रं तिथेच थांबली असती. खरं सांगते, दुसरं वाचून मी कार्ड भिंतीवर फेकलं. मग खाली पडलेलं उचललं. त्या अक्षराला कंप नव्हता.

तुमचा मुलगा रविवारी दुपारी येऊन गेला. तुम्हाला सांगितलं नसेल. शिवणाऱ्या बाईंनी त्याला गिऱ्हाईक समजून कमरेचं माप विचारलं, तिथूनच त्याचा मूड गेला. वर येऊन खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाला, तिघांनीही इस्पितळात औषध घेतलं आहे, आता सगळं निवळलं आहे, झालं गेलं विसरू. बाबाही तयार आहेत. फक्त मी बिलांच्या ऑफिसात बदली मागायची.

मी विचारलं, जंत कोणाला होता ते कळलं का? तो म्हणाला, "कोणाचं काय होतं ते कशाला उकरायचं? सगळ्यांनी गोळ्या घेतल्या ना."

आई, माझ्या जिभेवर आलं होतं. एका वाक्यात त्याला जमिनीवर आणता आलं असतं. मी ते गिळलं. तुम्हाला वाचवायला नाही, तसं मनात आणू नका. ते माझं सांगायचं नाहीच, तुमचं आहे. तुमच्या तोंडून मी ते ओढून काढणार नाही आणि तुमच्या वतीने झाकूनही ठेवणार नाही. पुढच्या वेळी कोणी मला विचारलं तर मी खरं सांगेन.

त्याला मी एवढंच म्हटलं, "बदली मागणार नाही. आणि गाडीत जे बोललास ते चुकलं, एवढं म्हण. मग पुढचं बोलू."

तो म्हणाला, "तू फार ताणतेस."

मी म्हटलं, "चहा घे."

त्याने चहा घेतला. जाताना नळावर हात धुतले, साबण लावून, जरा जास्तच वेळ. मला हसू आलं आणि तेव्हाच कळलं की हा माणूस आता मला नको आहे. रडू येईल म्हणून मी वाट बघत बसले होते. नाही आलं.

वाफ्याचं काय केलंत ते कळवा. टाकी दुरुस्त केल्याशिवाय उपयोग नाही. मग ऊन अडवणारी भिंतीवरची वेल काढा, माती उकरून पातळ पसरा, हातमोजे घालून, आणि उन्हाळाभर वरचेवर उलथत राहा. मी आकडे बघून सांगते आहे, उगाच नाही.


२१ मे

आई,

ताईंचं पत्र आलं, त्यातून सगळं कळलं. तुम्ही सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलंत. "जंत मला होता, दीड वर्ष होता, मला माहीत होता, आणि सुनेवर आळ आला तेव्हा मी गप्प बसले," असं. ताई लिहितात, बाबा उठून आतल्या खोलीत गेले आणि तुमचा मुलगा म्हणाला, "हे सांगायची काय गरज होती?" तेव्हा तुम्ही म्हणालात, "गरज तिला होती."

मी ते पत्र खाली दुकानात जाऊन शिवणाऱ्या बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मशीन थांबवलं आणि मग मला काहीतरी खायला आणलं.

पण पुढचं वाचून माझं डोकं तापलं. तुम्हाला स्वयंपाकघरात जायला मना केलं आहे म्हणे. स्वयंपाकाला बाई ठेवली. इस्पितळाचा कागद आहे, गोळीनंतरच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ आहेत, तरी बाबा तुमच्या हातचं पाणी घेत नाहीत. तुमच्यात आता अंडी नाहीत, आई. ज्यांना कागद वाचता येतो त्यांनी तो वाचावा. ज्यांना वाचायचा नाही त्यांच्यापुढे तुम्ही मान खाली घालायची नाही. एकदा घालून झाली आहे तुमची, माझ्याबाबतीत. पुन्हा नको.

आणि बाबांनी वाफ्यावर फरशी घातली. टाकीचा तडा तसाच ठेवून, वर फरशी. आता खाली ओलही आहे, सावलीही आहे, कोणी उलथणारही नाही. म्हणजे मी सहा महिने जे मोजलं त्यातल्या सगळ्यात वाईट ढिगासारखं त्यांनी घरच्या घरी करून ठेवलं. आरोग्य खात्याला मी कळवलं आहे. माझ्या सहीने, केमिस्टबाईंच्या नाही. टाकी त्यांना दुरुस्त करावीच लागेल. मला बोल लावतील. लावू देत.

आमचा अहवाल मान्य झाला. आता केंद्राच्या फाटकावर पाटी आहे: गाळ पातळ पसरून, उघड्या उन्हात पुरता वाळवून, तपासणी झाल्यावरच बाहेर जाईल. शेडखालच्या ढिगात सहाव्या महिन्यातही तिनांतलं एक अंडं जिवंत होतं, त्यामुळे तो ढीग कोणालाच मिळणार नाही. अहवालावर दुसरं नाव माझं आहे. हवामान खात्याचं तिसरं, आणि तो ते येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवतो.

माझा नवा स्कॅन झाला. गाठ सुकून बारीक ठिपका उरला आहे. ते नेमकं कुठलं अंडं होतं, तुमच्या हातावरचं, वाफ्यातलं की त्या कडीवरचं, हे कोणत्याही काचेखाली दिसणार नाही. डॉक्टर म्हणाले, घरातलंच असणार. मी तेवढ्यावर थांबते. कडीवर मी जाणं बंद केलं आहे.

मी परत येणार नाही. तुमच्या मुलाला वकिलाचा कागद पुढच्या आठवड्यात मिळेल. त्यात तुमच्याबद्दल एक अक्षर नाही.

तुम्ही या.

आठवडाभर या, महिनाभर या, राहायला या. आगाराच्या शेवटच्या थांब्यावर उतरा, मागच्या रस्त्याला शिवणकामाची एकच पाटी आहे. जिना अरुंद आहे, पिशवी खालीच ठेवा, मी नेईन. संध्याकाळी साडेपाचपर्यंत मी केंद्रात असते, किल्ली बाईंकडे असेल. ओटा लहान आहे, दोनदा पुसायला वेळ लागणार नाही. स्वयंपाक तुम्ही करायचा आणि मी जेवायचं. भांडायचं असेल तर समोरासमोर भांडू, माझं अजून बरंच बोलायचं राहिलं आहे.

कोणाची परवानगी मागत बसू नका. कपडे भरा आणि निघा. दारात तुमचा मुलगा विचारेल, कुठे चाललीस.

सांगा, सुनेकडे.